सुबोधरावांना लाइन कळते

मंदाकिनी तोडकरला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे तिला वेडी ठरवणाऱ्यांना निदान तिनं काय सोडलं ते तरी नीट माहीत असेल.

नाशिकच्या मंडल कार्यालयात पाठीला टेकू देणारी खुर्ची. दहा ते सहाची नोकरी. रविवार, तोही दर आठवड्याला. आणि या सगळ्याच्या वर, रोज संध्याकाळी नवऱ्याबरोबर एका वेळी जेवण. चोवीस वर्षं ती आंबेसावळीच्या वीज उपकेंद्रात पाळ्यांवर ऑपरेटर होती. नवरा, शरदराव, सिन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ती घरी पोचायची तेव्हा ते झोपलेले, ते उठायचे तेव्हा ही. संसार ओट्यावरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता: ‘वरण गरम करून घे’, ‘गॅस संपत आलाय’. बदलीची बातमी नुसती कानावर आली आणि शरदरावांनी जेवणाचं टेबल आणून टाकलं. खुर्च्या दोनच घेतल्या. म्हणाले, “पाहुणे उभ्यानं खातील.”

बदल्यात मंदाकिनीनं एकच काम करायचं होतं. एका यंत्राला एक शब्द शिकवायचा. शब्द होता ‘लाइन’.

यंत्र आलं ते बनवणाऱ्या डॉक्टर ऋजुता केळुसकरच्या पाठपिशवीतून. जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी. वीज कंपनीनं तिचं नाव ‘सुबोध’ ठेवलं होतं. उपकेंद्रानं दुसऱ्या दिवशी त्याला ‘राव’ जोडला. साठ गावांच्या उपकेंद्रांवर माणसांऐवजी सुबोध बसवायचा, लाइनमननं बोलायचं आणि सुबोधनं ऐकून वीज बंद-चालू करायची, असा बेत होता.

“आमच्याकडे ‘लाइन’चे एकोणीस अर्थ नोंदलेत, मॅडम,” ऋजुता म्हणाली.

“एकोणीस?” मंदाकिनीनं चष्म्यावरून बघितलं. “आमच्या रावसाहेबांना सकाळच्या चहापर्यंतच तेवढे लागतात.”

रावसाहेब शिंगटे हा नावाचाच रावसाहेब. तीस वर्षं खांबावर चढून गुडघे झिजवलेला लाइनमन. तो दारातच उभा होता. “ताई, पोरीला घाबरवू नका. घे गं बाई लिहून. लाइन गेली म्हंजी वीज गेली. लाइन तुटली म्हंजी तार तुटली. लाइन लागली म्हंजी रांग. माझा मेव्हणा मेडिकल लाइनला आहे. धाकटा चुलता पोलीस लाइनीत राहतो आणि त्याचा पोरगा आता कुठं लाइनवर आलाय, कारण तो समोरच्या पोरीला लाइन मारत होता आणि तिच्या बापानं त्याला लाइनमधे घेतला.”

पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. “शेवटच्या ठिकाणी ‘लाइनमधे घेणं’ म्हणजे चोप देणं, की जावई करून घेणं?” सुबोधनं विचारलं.

रावसाहेबानं मांडीवर थाप मारली. “दोन्ही! आधी हे, मग ते. हा गडी कामाचा आहे ताई.”

तीन महिने हेच चाललं. उपकेंद्रात येणारा जाणारा प्रत्येक जण बोलायचा आणि सुबोध ऐकायचा. कांद्याच्या शीतगृहाचा मॅनेजर यायचा, ‘लाइन कधी देता’ म्हणून भांडायचा. ट्रॅक्टर चार्जिंगला लावून ताटकळलेले शेतकरी यायचे. सरपंच यायचे आणि आपण कुठल्या साहेबांच्या लाइनचे आहोत ते आवाज न चढवता कळवून जायचे. अर्थ चौतीसवर गेले.

मंदाकिनीला यंत्राचं कुतूहल होतं. एका दुपारी तिनं ऋजुताला धरलं. “मला सोपं करून सांग. हा करतो काय?”

ऋजुतानं खांबावर चढायच्या परवान्याच्या पावतीमागे पेननं ठिपके काढले. “जुनी यंत्रं शब्द ऐकायची आणि कोशात बघायची. हा कोश बघत नाही. याच्या दृष्टीनं शब्दाला ठरलेलं घर नसतं, शब्द रस्त्यावर उभा असतो. शेजारचे शब्द त्याला ओढतात. ‘रेशन’ शेजारी आला की ‘लाइन’ या कोपऱ्यात सरकते, ‘खांब’ आला की त्या कोपऱ्यात. अशा हजारो दिशांनी ओढ मोजून तो शब्दाची जागा ठरवतो. शिवाय आवाजामागचा वारा ऐकतो. माणूस खांबावर आहे की टपरीवर, ते त्याला कळतं. आणि सगळ्यात नवं म्हणजे गळ्याचे बारीक कंप मोजतो. बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास आहे की नाही, ते त्यावरून सांगतो.”

“म्हणजे खोटं पकडतो?”

“खोटं, धाकानं बोललेलं, अर्धवट आठवून बोललेलं. दहा हजारांत दोनदा चुकतो.”

मंदाकिनीनं पावती निरखली. “माझं लग्न ठरवताना हा असता तर बरं झालं असतं. आमच्या मामंजींना ‘मुलीला नोकरी करू देऊ’ म्हणताना ऐकायला पाहिजे होतं यानं.”

सुबोधनं तिच्या सगळ्या परीक्षा पार केल्या. तिनं वाकडे प्रश्न घातले, रावसाहेबाला तोंडात तंबाखू धरून बोलायला लावलं, वाऱ्यात, रागात, हसताना बोलायला लावलं. सुबोध एकदाही अडखळला नाही. तिला तो आवडायला लागला होता, हे ती कबूल करत नव्हती.

मग सहीचा कागद आला. वर ‘अर्थसाक्षीचा दाखला’ असं छापलेलं. पहिला परिच्छेद: यंत्रास ‘लाइन’ या शब्दाचे सर्व प्रचलित अर्थ अनुभवी ऑपरेटरइतकेच कळतात. खरं होतं. तिनं पेन उघडलं. दुसरा परिच्छेद एका ओळीचा होता: सबब, किल्लीपद्धत बंद करण्यास हरकत नाही.

पेनचं टोपण परत बसलं.

किल्लीची गोष्ट अशी. उपकेंद्रातून गावांकडे वीज नेणारी एकेक वाट म्हणजे फीडर. प्रत्येक फीडरच्या लोखंडी कपाटाला एक पितळी किल्ली. खांबावर काम असलं की मंदाकिनी वीज बंद करायची, किल्ली काढायची आणि लाइनमनच्या हातात द्यायची. ती किल्ली कपाटात नसली की वीज चालू होऊच शकत नाही, कुणाच्याही बापाच्या हुकमानं नाही. काम संपवून लाइनमननं स्वतः यायचं, किल्ली तिच्या टेबलावर ठेवायची, मग लाइन सुटायची. या येण्याजाण्यात दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं जात, आणि तेवढा वेळ गावं विजेवाचून बसत. कंपनीला सलत होती ती हीच मिनिटं.

पण किल्लीला एक कडी होती आणि त्या कडीची गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती. एका लाइनमनसाठी वीज बंद झाली की त्याच फीडरवर जवळपास काम असलेला दुसरा कुणी, बहुतेक करून ठेकेदाराचा माणूस, रस्त्यात त्याला गाठायचा: ‘दादा, बंद आहेच तर मीही उरकून घेतो.’ नियमानं हा गुन्हा. पण स्वतःचा परवाना काढायचा तर ठेकेदाराच्या माणसाचा अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाची मजुरीही. म्हणून सगळे करायचे. करताना मात्र एक पाळायचे: जो असा चढेल त्यानं आपल्या रंगाच्या वायरचं वेटोळं किल्लीच्या कडीत अडकवायचं, आणि उतरल्यावर ज्याचं त्यानंच सोडवायचं. कडी मोकळी झाल्याशिवाय मंदाकिनी किल्लीला हात लावायची नाही. बारा वर्षांत या फीडरांवर माणूस गेला नव्हता तो या वेटोळ्यांमुळे.

सुबोधला यातलं काही माहीत नव्हतं. तीन महिन्यांत त्याच्यासमोर सगळे सगळं बोलले, एवढंच सोडून. आपलंच पोट मारणारं बोलणं रेकॉर्डिंग चालू असताना कोण बोलेल? मंदाकिनीही बोलली नाही. बोलली असती तर ठेकेदाराची अर्धी पोरं दुसऱ्या दिवशी घरी बसली असती.

“दुसरी ओळ खोडा, मग सही करते,” ती अधीक्षक अभियंता टिपरेसाहेबांना म्हणाली.

“का पण? त्याला शब्द कळत नाही का?”

“कळतो.”

“चुकलाय का कधी?”

“नाही.”

“मग?”

मंदाकिनीजवळ कारण होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. “मलाही चोवीस वर्षं शब्द कळतोय साहेब. मी तरी कधी बोलण्यावर लाइन सोडलीय?”

टिपरेसाहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते. “सोमवारी संचालक येताहेत. प्रात्यक्षिक बघतील, मग तुमची सही. किल्ली कपाटातच ठेवायची, हा लेखी आदेश समजा. आणि तोडकर, बदलीचा कागद माझ्या टेबलावर आहे. एवढं मनात असू द्या.”

मनात होतंच. शिवाय रावसाहेब तिच्यावरच उखडला.

“काय व ताई, तुमचं काय जातंय सही करायला? नऊ किलोमीटर जा, नऊ किलोमीटर या, एका किल्लीसाठी. माझे गुडघे बघा एकदा. खांबाखालूनच बोललो, लाइन सुटली, घरी गेलो. तुम्हाला खुर्ची, मला गुडघे. कुणाचं वाईट होतंय यात?”

“आणि कडीतली वेटोळी?”

“ती माझ्या ध्यानात राहतात की. तीस वर्षं काय झोपा काढल्या?”

संध्याकाळी शरदरावांचा फोन आला. टेबलाला पॉलिश करून घेतलं होतं. तिनं त्यांना सगळं सांगितलं, वेटोळ्यांसकट.

“मंदा, तू काय करणार ते तुला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मला कशाला विचारतेस? मी फक्त पॉलिशवाल्याला पैसे देऊन बसलोय.”

सोमवारी साडेदहाला संचालक आले. दोघे होते, सोबत छायाचित्रकार. पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या, पाण्याच्या बाटल्या मांडल्या. माळवाडी फीडरवर एक फुटका इन्सुलेटर बदलायचा होता, काम रावसाहेबाचं.

फीडरची कपाटं पलीकडच्या खोलीत होती. मंदाकिनीनं वीज बंद केली, परवाना लिहिला, किल्ली काढली आणि रावसाहेबाच्या पुढ्यात धरली.

“आज कशाला? आज सुबोधराव आहेत ना,” तो कुजबुजला. “साहेबांचा आदेश आहे ताई.”

“परवान्यावर सही माझी लागते. किल्ली खिशात घाल, नाहीतर सही नाही.”

“तुमची खुर्ची जाईल.”

“खुर्ची माझी आहे ना? तुझे गुडघे तर नाहीत?”

तो चिडून हसला, किल्ली शर्टाच्या खिशात कोंबली आणि गेला. ती किल्ली कुठल्याच वायरला जोडलेली नव्हती. ती खिशात आहे हे पडद्यावर दिसत नव्हतं आणि सुबोधला कळायला मार्ग नव्हता.

पावणेबाराला पेटीतून रावसाहेबाचा आवाज आला. मागे वारा नव्हता. माणूस खाली उतरलेला. “काम झालं. माणसं खाली आहेत. लाइन सोडा.”

पडद्यावर अक्षरं उमटली आणि सुबोध बोलला, “समजलं. लाइन म्हणजे माळवाडी फीडर. सोडा म्हणजे वीज चालू करा. बोलणाऱ्याचा स्वतःवर विश्वास, नव्याण्णव दशांश नऊ आठ टक्के. चालू करतो.”

टाळ्या वाजल्या. छायाचित्रकारानं फोटो काढला. पलीकडच्या खोलीत कपाटात खट्‌ असा आवाज झाला आणि पुढे काहीच झालं नाही.

“चालू होत नाही,” सुबोध म्हणाला. “यांत्रिक अडथळा.”

टिपरेसाहेब आत धावले आणि बाहेर आले ते लाल होऊन. “किल्ली कुठाय?”

“रावसाहेबांच्या खिशात.”

“मी लेखी दिलं होतं!”

“वाचलं होतं मी.”

संचालकांतले थोरले घड्याळ बघत होते. गेटवर शीतगृहाचा मॅनेजर हॉर्न वाजवत होता. ऋजुता पेटीजवळ उभी राहून मंदाकिनीकडे बघत होती. रागानं नाही, गणित अडल्यासारखी. किल्ली यायला वीस मिनिटं लागणार होती. तिनं तेवढ्यात परवान्याची वही नीट लावून घेतली.

रावसाहेब आला तो दारातूनच ओरडत. “घ्या! घ्या तुमची किल्ली! अठरा किलोमीटर…” त्यानं किल्ली टेबलावर आपटली.

कडीत निळ्या वायरचं वेटोळं होतं.

निळा रंग दिगू पारखेचा. ठेकेदाराचा माणूस, माळवाडीचाच, मागच्या उन्हाळ्यात लग्न झालेला. रावसाहेबानं वेटोळं बघितलं आणि त्याच्या तोंडावरचा सगळा राग ओघळून गेला. खाली येऊन तो बोलला तेव्हा ‘माणसं खाली आहेत’ हे त्याच्या दृष्टीनं खरं होतं. विश्वासात खोट नव्हती. दिगू त्याच्या ध्यानातून गेला होता, एवढंच. कडी डोळ्यांसमोर यायची ती टेबलावर किल्ली ठेवताना, आणि आज टेबलाशी येण्याआधीच तो बोलून मोकळा झाला होता.

मंदाकिनीचा तळवा किल्लीवर पडला. कडीसकट, वेटोळ्यासकट झाकून.

“रावसाहेब, दमलात. बाहेर जाऊन पाणी प्या,” ती म्हणाली. “आणि फोन करायचा राहिलाय ना एक? तो करा.”

तो फोन काढतच बाहेर गेला.

“चला, आली ना किल्ली? लावा आणि सोडा लाइन,” टिपरेसाहेब म्हणाले.

“नाही.”

“आता काय?”

“मी सांगेन तेव्हा सोडायची.”

हात बाजूला करून तिनं निळं वेटोळं दाखवलं असतं तर त्याच क्षणी ती सुटली असती. संचालकांनी पाठ थोपटली असती, आदेश मोडल्याचं कौतुक झालं असतं. आणि दिगूचं काम गेलं असतं, रावसाहेबावर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी बसली असती. तिनं हे सगळं मनाशी एकदाच घोळवलं आणि तळवा घट्ट दाबला.

“तोडकर, ती किल्ली इकडे द्या.”

“हात तोडून घ्या.”

“तुम्हाला निलंबित करू शकतो मी. संचालकांसमोर!”

“करा ना. कागद आणा, त्यावर सही करते. डाव्या हातानं.”

थोरल्या संचालकांनी विचारलं, “बाई, यंत्राला बोलणं कळलं नाही असं तुमचं म्हणणं आहे का?”

“सगळं कळलं साहेब. माझ्यापेक्षा चांगलं कळलं.”

“मग तुम्ही कशासाठी बसलाय?”

“किल्लीसाठी.”

ते उठले. गाड्या गेल्या. टिपरेसाहेब व्हरांड्यात जाऊन फोनवर कुणाला तरी समजावत राहिले. गेटवरचा हॉर्न थांबला नाही. मंदाकिनीच्या तळव्यात वायरचं टोक रुतत होतं. एकतीस मिनिटांनी मागच्या खिडकीशी मोटारसायकल थांबली. दिगू पारखे. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे तेवढे उघडे.

तिनं किल्ली गजांतून बाहेर धरली. त्यानं वेटोळं सोडवून खिशात टाकलं.

“वरच होतो ताई,” तो म्हणाला. “तारेचा जोड हातात धरून. दादांचा फोन आला तेव्हा.”

“फडकं काढ, खोकला झाल्यासारखा दिसतोस. आणि घरी जा.”

कडी मोकळी झाली. तिनं किल्ली कपाटात बसवली, वळवली, आणि माळवाडीला लाइन सोडली.

खोलीत ऋजुता एकटीच होती. खिडकीशी काय झालं ते तिनं बघितलं होतं. तिनं पेटीचं बटण दाबलं; हिरवा दिवा विझला. “आता सांगा,” ती म्हणाली. “रेकॉर्डिंग बंद आहे.”

मंदाकिनीनं सांगितलं. चौतीस अर्थांपेक्षा याला कमी वेळ लागला.

कंपनीच्या अहवालात पुढे आलं ते असं: सुबोध, आकलन निर्दोष, प्रात्यक्षिक अयशस्वी, कारण मानवी हस्तक्षेप. दाखल्यावर सही करायला दुसऱ्या ऑपरेटरला बोलावलं, त्यानं पेन विसरल्याचं सांगितलं. तिसरीचा हात दुखत होता. किल्ल्या जमा करा असा आदेश साठ उपकेंद्रांना गेला तेव्हा साठ ठिकाणांहून एकच उत्तर आलं: किल्ली लाइनमनकडे आहे. कधी परत येईल हे सांगता येत नाही. शेवटी कंपनीनं पद्धत तशीच ठेवली आणि सुबोधला किल्लीच्या शेजारी बसवलं. ऋजुतानं मात्र त्याच्यात कुणाला न विचारता एक बदल केला होता. ‘लाइन सोडा’ ऐकलं की तो आता म्हणतो, “समजलं. किल्ली टेबलावर येऊ द्या.”

या सगळ्याची किंमत कुणी भरली? माळवाडीच्या लोकांनी भरली. त्यांची वीस-पंचवीस मिनिटं दर वेळी जातातच आणि ते शिव्या मंदाकिनीला घालतात. रावसाहेबानं भरली, उरलेली सगळी नोकरी नऊ किलोमीटर येऊन आणि नऊ किलोमीटर जाऊन. गुडघ्यांबद्दल मात्र तो पुन्हा कधी बोलला नाही. ऋजुताचं नाव यंत्राच्या पुढच्या आवृत्तीवरून वगळलं गेलं. मंदाकिनीची बदली झाली, नाशिकला नव्हे, आणखी लांबच्या उपकेंद्रात, पाळ्यांवर. शरदराव दोन खुर्च्यांच्या टेबलावर एकटे जेवतात आणि चिठ्ठी आता ओट्याऐवजी टेबलावर ठेवतात.

दिगू पारखेनं काही भरलं नाही. त्या दिवशी तो घरी गेला आणि बायकोबरोबर जेवला.